दोन्ही डिशमध्ये घातलेलं बोट

मंगळवार, संध्याकाळ. धायरी.

"पेशी आपोआप भडकल्या रे," मृण्मयी आज फोनवर म्हणाली आणि तिथेच सगळं फिरलं.

आपोआप नाही. परवा कर्वेनगरला तिच्या लॅबमध्ये तासभर ताटकळलो. ती केबिनमध्ये तिच्या गाईड सरांशी हसत होती. डोकं सटकलं. हिला माझ्याहून प्रिय असं यात आहे तरी काय, म्हणून टेबलावरच्या, तिच्या प्रयोगाच्या पेशी वाढवलेल्या दोन्ही डिशची झाकणं काढली आणि बोट घातलं. ग्लोव्ह न घालता.

एका डिशमधल्या पेशींतून तिने एक अडॅप्टर प्रोटीन काढून टाकलंय. जंतू लागला की पेशीचे रिसेप्टर, म्हणजे तिचे पहारेकरी, बोंब मारतात, ती बोंब हे प्रोटीन दाबून धरतं. ज्यांच्यात ते होतं त्या माझं बोट लागूनही शांत राहिल्या. दुसऱ्या भडकून मेल्या. कॉलेज अर्धवट सोडलं, पण एवढं कळतं मला.

"तुझ्यासारख्याच आहेत," ती म्हणाली. "ब्रेकच नाही. उद्या सरांना दाखवते."

सर म्हणतील, पुन्हा करून दाखव. तेव्हा माझं बोट नसेल, त्या भडकणार नाहीत. खोटी ती ठरेल, मी नाही. आणि सांगितलं तर? तोंड बघणार नाही माझं.

बोट मघापासून शर्टाला पुसतोय. परवाचं बोट.

फोनवर नको. समोर जाऊन सांगतो. वही मिटतो, दार ओढून घेतो, निघतो.