इंटरप्रिटरला सगळं ओळखता येतं

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
१. आमच्या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम वाचून चालवणारा भाग, आता टाइप स्वतः ओळखतो. हा आकडा, हा मजकूर, असं प्रोग्राममध्ये लिहून द्यावं लागत नाही.
२. हे मी एकटीने केलं. अकरा दिवस.
३. चाचण्या चारशे बारा. चुका शून्य.
४. वीस तारखेच्या रिलीजमध्ये हे गेलं की टीमची प्रमुख मी. साहेब तसं सर्वांसमोर बोलले.
५. डॉक्युमेंटेशनवाल्या बाईंना समजवायचं बाकी. अर्धा तास पुरे.

५ मार्च
तीन तास. बाईंचा एकच धोशा: "अगं, पण नाही ओळखता आलं तर?" म्हटलं, येतं. "येतं गं. पण नाही आलं तर मी पानावर काय लिहू?" पूर्वी शाळेत शिकवायच्या म्हणे. दिसतंच.
ठराव: यापुढे वाद नाही.

६ मार्च
वाद झाला. सुरुवात त्यांची. माहितीपुस्तिकेतलं टाइपचं प्रकरण आता मीच लिहिणार. एक दुपार लागेल.

१० मार्च
प्रकरण तयार होतंय. सध्या एक वाक्य: "टाइप आपोआप ओळखला जातो." यात आणखी काय लिहायचं असतं? आई फोनवर म्हणाली, "एका वाक्याला चार दिवस? शिलालेख कोरतेयस का?" काटेकोरपणा म्हणजे काय हे घरच्यांना कळत नाही.

१३ मार्च. दुपारी ३.१५
चुकीच्या प्रोग्रामचं उदाहरण हवं होतं. दोन मिनिटांचं काम. सातातून 'खुर्ची' हा मजकूर वजा केला. इंटरप्रिटरने हूं की चूं केलं नाही. उदाहरण फारच बाळबोध असावं.

१४ मार्च
टाइप ओळखता आला नाही की "काहीही चालेल" असं धरायचं, ही तात्पुरती सोय त्या अकरापैकी दुसऱ्या दिवशी मीच केली होती. काढायची राहिली. चारशे बारा चाचण्यांपैकी तीनशे सत्त्याण्णव "काहीही चालेल"मुळेच पास. म्हणजे पंधरा खऱ्या. पंधराही कमी नाहीत.

१७ मार्च
साहेबांना सांगितलं. ओरडले असते तर बरं. "बरं झालं, आत्ता कळलं," म्हणाले आणि टाइप ओळखण्याची सोय रिलीजमधून काढली. टीमचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

१८ मार्च
बाईंना पाठवलेली मेल, नोंदीसाठी:
"टाइप कुठे कुठे ओळखता येत नाही, याची नऊ पानं जोडली आहेत. मला ती स्पष्ट वाटतात, म्हणूनच तुम्ही वाचावीत. जे कळणार नाही ते शुक्रवार, २१ मार्चपर्यंत कळवावं, ही विनंती."