आहेराच्या फ्रीझरचं बिल

पनवेल,
बुधवार, दुसरा चहा झाल्यावर

आमचे सन्माननीय व्याही हिराजीशेठ, मुक्काम करंजा, यांस बळीरामचा हात जोडून रामराम.

आपली तब्येत, गंगाबाईंचे गुडघे, होडीचं इंजिन, जावईबापू दीपेश आणि आमची मनस्वी सगळी ठणठणीत असतील अशी आशा आहे. (इंजिन मनस्वीच्या आधी आलं ते लिहिण्याच्या ओघात, गैरसमज नसावा.) खिशात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे शेठ, की तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागे मी तुम्हाला माझ्या मूळव्याधीची हकीकत सांगितली, तर दुसऱ्या दिवशी पनवेलच्या मच्छीबाजारात एका ओळखही नसलेल्या कोळणीनं मला ताक प्यायचा सल्ला दिला. म्हणून आजचा विषय पाकिटातून पाठवतो आहे. विषय तसा काहीच नाही.

वास्तुशांतीला तुम्ही दिलेल्या डीप फ्रीझरची आमच्या सोसायटीत अजून चर्चा चालते. लोक भिंतीवरचं घड्याळ देतात, फार तर मिक्सर देतात. तुम्ही चार माणसांनी उचलावं लागेल असं प्रेम दिलंत. शिवाय आहेराच्या भांड्यावर नाव घालतात तसं झाकणावर मशीननं ठसठशीत कोरून घेतलंत : 'हिराजीशेठ, करंजा, यांजकडून बळीरामशेठ यांस सप्रेम भेट.' आमची सौ. हौसा रोज सकाळी त्या अक्षरांवरून फडकं फिरवते. फ्रीझर दिसायला देखणा आहे. आवाजही भारदस्त करतो. झाकण उघडलं की आत दिवा लागतो. थंड तेवढं करत नाही.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

मासेमारीची बंदी लागायच्या आधी तुम्ही चाळीस पापलेटं पाठवलीत आणि बजावलंत, की माझ्या मेहुण्यांना घेऊन मी महिन्याभरात जेवायला येतो, त्यांना दाखवायचं आहे आपला फ्रीझर कसा आहे ते, तोवर एकाही पापलेटाला हात लावायचा नाही. आम्ही ती वह्यांसारखी रचून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं, तर पापलेटं माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झालेली. पुढचं मी लिहीत नाही. (पापलेटं सुखरूप आहेत, असंच आपण समजावं.)

दुसऱ्या सकाळी, तुम्ही फ्रीझर जिथून घेतलात त्या दुकानात मी गेलो. गल्ल्याच्या मागे पाटी होती, 'एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही', आणि तिच्या बरोब्बर वर देवाचा फोटो, म्हणजे तक्रार करायची तर कुठे, हे गिऱ्हाइकानं आपलं आपण समजून घ्यावं. दुकानदारानं मेकॅनिक पाठवला. त्यानं आत डोकावूनही पाहिलं नाही. झाकणावरून बोट फिरवून म्हणाला, "काका, बॉडीला छेडछाड झालीय. वॉरंटी गेली." नाव घातलं म्हणजे छेडछाड! शेठ, तुमचा यात काडीचाही दोष नाही. मी तसाच उठून परत दुकानात गेलो आणि ठणकावलं, की बिलावर घेणाऱ्याचं नाव असतं ना, इथं तर ते फ्रीझरवरच कोरलंय, याहून पक्कं बिल तुम्हाला कुठे मिळणार? त्यावर तो म्हणाला, "मग तारीख कुठाय?" मला वास्तुशांतीचा मुहूर्त तेवढा पाठ होता, अकरा बेचाळीस. तो सांगून मी बाहेर पडलो.

आमच्या वरच्या मजल्यावर कादंबरी म्हणून एक मुलगी राहते, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं मला बसवून समजावलं. ती पाटी दुकानाची शोभा, कायद्यापुढे तिला किंमत नाही. माल सदोष निघाला तर दुरुस्त करून द्या, बदलून द्या, नाही तर पैसे द्या. बिघाड कॉम्प्रेसरमध्ये, नाव झाकणावर, दोघांची ओळखपाळखही नाही. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ला फोन, तरी नाहीच तर ग्राहक आयोग, आणि तिथं वकीलही लागत नाही. (हे सांगताना ती जरा खिन्न झाली.) आणि मुख्य म्हणजे, घेणाऱ्याच्या संमतीनं जो वस्तू वापरतो, तोसुद्धा ग्राहक! हे ऐकून माझी छाती फुगली. आजवर लोकांनी माझं फक्त गिऱ्हाईकच केलं होतं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हे सगळं मी एका दमात म्हणून दाखवलं. दुकानदारानं खुर्ची दिली, चहा मागवला, आवाज मऊ केला आणि म्हणाला, "काका, बदलून देतो. फक्त बिल आणा."

तिथंच घोडं अडलं. आहेराचं बिल मागायचं कुणी? बिल मागणं म्हणजे व्याह्यांचं प्रेम तराजूत घालणं. उद्या तुमच्या नात्यातल्या कुणी मनस्वीला ऐकवलं, की तुझ्या बापानं सासऱ्याच्या आहेराची किंमत काढली, तर ती उलटून बोलणार नाही. मान खाली घालून जेवेल आणि उठेल. लहानपणापासूनची तिची ती सवय आहे. खरं सांगतो शेठ, मला त्याची भीती वाटते. फ्रीझरवाचून आमचं अडत नाही, पोरीची मान खाली गेलेली मला सोसणार नाही. म्हणून मी बिल मागत नाही. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे.

आपला लोभ आहे, तो कुठल्याही तापमानात टिको.

आपला,
बळीराम

ता. क. : काहीतरी शोधताना बिल चुकून हाताला लागलंच, तर त्याची झेरॉक्स पाठवावी. किमतीच्या आकड्यावर कागदाची पट्टी चिकटवावी. मी ती सोलून पाहणार नाही, देवाशप्पथ. सोबत दोन ओळींचं संमतीपत्र असलं तर उत्तम.

दुसरा ता. क. : तुमच्या मेहुण्यांना मटण चालतं का?

तिसरा ता. क. : हिराजीशेठ, हौसाचा नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवाला माझेकडं दिलाय, म्हनून चार ओळी. पापलेटं आमी खाल्ली. नऊ कादंबरीकडं दिली, बाकीची घरातच. बिल तर मनस्वीनीच तुमच्या कपाटातून शोधून काढला आनि गंगाबाईंनी मना मोबाईलवर पाठवला. किंमत मना पाठ हाय. मी दुकानात जाऊन दाखवला, पुढल्या शुक्रवारी नवा फ्रीझर येतोय. त्याच्यावर नाव वॉरंटी संपल्यावर घालू. पापलेटं गंगाबाई परत देतायत, तुमी आलात का तुमच्याच घरची खाल. पोरगी फोनवर हसून हसून बेजार झाली, मान खाली बिली काय नाय. तुमाला सांगितला नाय, ह्यांनापन नाय. चार दिवस बसून लिवलाय हो त्यांनी पत्र, पोरीसाठी. तवा तुमी पट्टी लावलेला बिल टपालानी पाठवाच. पट्टी जरा घट्ट चिकटवा, हे सोलून बघतील.