पुस्तकाचं धान

१८ नोव्हेंबर २००७, रविवार
आज दुपारी, विहारातली मीटिंग संपता संपता, माझं आयुष्य बदललं. नोंद असावी म्हणून ही वही सुरू केली.
झालं असं. भावना उभी राहिली. म्हणाली, आपल्या करडी गावच्या बायकांची रोवण्याची, म्हणजे धानलावणीची, गाणी तिनं तीन वर्षं फिरून गोळा केली, आता नागपूरच्या लोकविद्यापीठाचं प्रकाशन मंडळ त्याचं पुस्तक छापायला तयार आहे. पण मंडळ नफा कमवत नाही, देणगीवर चालतं. अर्ध्या खर्चाची देणगी फेब्रुवारीपर्यंत गावातून आली तर पुस्तक निघेल, नाहीतर फाईल बंद. मग तिनं सगळ्यांकडं पाहिलं. शेवटी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मनावर घेतलं तर होऊन जाईल."
माझी लहान बहीण खुशबू म्हणते, तुह्या डोक्यावर घड्याळ होतं, ते पाहून राहिली होती ती. या मुलीला जगात काहीच पवित्र नाही.
मनावर घेतलं.

१९ नोव्हेंबर
संकल्प. पूर्ण देणगी मी एकटा जमवणार. कोणावरही रागावणार नाही. पुस्तक निघालं की दुसऱ्या दिवशी भावनाच्या घरी जाऊन रीतसर विचारणार.
कॉलेजचा विषय निघेल, त्याचं उत्तर तयार आहे. बी.ए. दुसऱ्या वर्षाला भावना आणि मी एका वर्गात होतो. तिनं वर्गात एक रोवण्याचं गाणं म्हटलं, सर हसले. मी उठून बोललो. जोरात बोललो. सर म्हणाले, वर्गाबाहेर हो. मी कॉलेजबाहेर झालो. आता तिचं एम.ए. झालं. त्या दिवशी ती आतच बसून राहिली, कारण तिला माझ्यासाठी नोट्स घ्यायच्या होत्या, असा माझा अंदाज आहे. नोट्स अजून मिळाल्या नाहीत.

२३ नोव्हेंबर
भावनानं पुस्तकाची झेरॉक्स कॉपी दिली. म्हणाली, वाचून ठेव, लोक विचारतील.
पहिल्या पानावर तिचं नाव वाचलं. तिथंच मन भरून आलं. बाकी सवडीनं.

२६ नोव्हेंबर
सुरुवात केली. एक अडचण. सध्या चुरणं, म्हणजे मळणी, चालू आहे, धान खळ्यावर पडलेलं, कोणाच्या हातात रोख पैसा नाही. पहिलं घर धुरपताबाईचं. मी "भावनाच्या..." एवढंच म्हटलं तर म्हातारी म्हणे, "भावनाचं हाय ना? मंग पोतं धर." आणि भरलं सूप धान ओतलं. मी सांगितलं की मावशी, हे पुस्तकासाठी आहे. म्हणे, "पुस्तकाले धान कायले लागते?" मी म्हटलं, दान हे दान असतं. हे वाक्य मला तिथल्या तिथं सुचलं. चांगलं आहे.
मग म्हणे, माह्यं कोनतं गानं घेतलं तिनं? मी म्हटलं, सगळ्यात चांगलं घेतलं. "एकच?" म्हणे. "मले तं तिनं दिवसभर गानं म्हनाले लावलं होतं." आणि सुपाभर धानातून दोन मुठी परत काढून घेतल्या.
कॉपी वाचायला पाहिजे.

३० नोव्हेंबर
पोत्यांवर पोती. धुरपताबाईनं दिलं म्हणून शेजारणीनं दिलं, शेजारणीनं दिलं म्हणून तिच्या जावेनं जास्त दिलं. आमच्या घरी उंदरांचं राज्य, त्यामुळे केशवकाकांच्या घरी ठेवायचं ठरलं. केशवकाका म्हणजे भावनाचे वडील, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर. त्यांची रस्त्याकडची खोली कोरडी आहे. पोती मीच पाठीवर नेली. लीलाकाकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, दुधाचा चहा दिला, "बस बाबू" म्हणाल्या. मग गॅसचं सिलेंडर आणायला सांगितलं. मग मोरीचा पाईप पाहायला.
घरी सांगितलं की मला आता तिथं जावयासारखंच वागवतात. खुशबू म्हणे, "दादा, जावयाले पोते उचलाले लावते का कोनी?"
रागावलो नाही. फक्त तिची पाण्याची बाटली अंगणात फेकली.

५ डिसेंबर
मंडळाचा माणूस आला. अतुल नाव. तुमसरकडच्या बपेऱ्याचा आहे. चष्मा. शर्ट इन केलेला. आवाज असा की याला कोणी कधी जोरात बोलायला लावलंच नसेल.
पोती पाहिली. हात लावून पाहिला. म्हणाला, फार मोठी गोष्ट आहे, पण मंडळाला धान जमा करून घेता येत नाही, विकून पैसे भरा, म्हणजे गावाच्या नावानं पावती देतो.
मी म्हटलं, आमच्या बायकांनी चिखलात पाय बुडवून गाणी म्हटली, त्याच हातानं हे धान रोवलं, आणि ते मी व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकू? तो म्हणाला, तुमचं म्हणणं पटते. मी म्हटलं, पटते तर घ्या. तो म्हणाला, घेता येत नाही. मी टेबलावर हात आपटला. त्यानं कप उचलून बाजूला ठेवला, आणि माझाही.
भांडणात समोरचा ऐकून घेत असला की फार त्रास होतो.
नंतर तो आणि भावना दोघं कॉपी घेऊन बसले. तो म्हणत होता, या गाण्याची शेवटची ओळ कोणीतरी विसरलं वाटते, पुन्हा विचारा. ती हसली. मी बाहेर पोत्यांवर लक्ष ठेवून होतो.

६ डिसेंबर
चौकात उभं राहून शपथ घेतली. हे धान व्यापाऱ्याला विकणार नाही. मंडळ घेईल तर धान म्हणूनच घेईल. मोठ्यानं घेतली. चारपाच लोक थांबले. एकानं विचारलं, कोणाचं काही चोरीला गेलं काय.

११ डिसेंबर
एक पोतं नमुना म्हणून एसटीत टाकून नागपूरला गेलो. कंडक्टरनं पोत्याचं लगेज तिकीट फाडलं. मी सांगितलं, सामाजिक काम आहे. तो म्हणे, पोतं सामाजिक असो का घरचं, जागा सारखीच धरते.
मंडळाचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. तिथल्या रत्नाबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांनी पोत्याकडं पाहून विचारलं, हे काय? देणगी, म्हटलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, इथं पुस्तकं ठेवाले जागा नाही." खरंच नव्हती. जिन्यावर गठ्ठे, खिडकीत गठ्ठे. एक पुस्तक उचललं, तलावांवरचं. आमच्या भागातल्या तलावांची नावं, कोणी खोदले, पाणी कसं वाटायचे, सगळं. किंमत चहा-भज्याएवढी. त्या म्हणाल्या, कोणी ना कोणी थोडं थोडं देते म्हणून निघते हे, बाजारात याले कोन विचारते.
तिथं एक मिनिट मला वाटलं, विकून टाकावं धान.
पण चौकातली शपथ. आणि अतुल आतल्या खोलीतून बाहेर आला. म्हणाला, बरं झालं आले, चहा घ्या. तेवढ्यानं डोकं फिरलं. पोतं परत आणलं. परतीचं लगेज वेगळं लागलं.

२७ डिसेंबर
धुरपताबाई रस्त्यात भेटली. "मंग, लगन कवा हाय?" म्हणे. कोणाचं, विचारलं. "भावनाचं. आता घरोघरचं धान जमा केलं, तं लगनच असन ना बाबू."
मग लक्षात आलं. आमच्या वस्तीत एखाद्या पोरीच्या नावानं धान जमा होते ते लग्नाच्या भातासाठीच. प्रत्येक घर आपला वाटा देते. सगळी वस्ती तसंच समजून बसली आहे. मी खुलासा करणार होतो. पण म्हातारी माझ्याकडं पाहून अशी हसली की मी गप्प बसलो. वस्तीला दिसते ते उगीच दिसत नाही.
शर्टपीस घेतलं. फिकट आकाशी. शिवायला टाकलं.

१० जानेवारी २००८
लीलाकाकू म्हणाल्या, रविवारी बपेऱ्याचे पाहुणे येऊन राहिले, विहारातून कुर्च्या आनून दे बाबू. अतुल बपेऱ्याचा. म्हणजे मंडळाची मोठी माणसं धान पाहायला येणार. शेवटी झुकले.
आकाशी शर्ट तयार आहे.

१३ जानेवारी, रविवार
जिंकलो.
पाच जण आले. एक म्हातारे गृहस्थ, दोन बायका, एक मिशीवाला मामा, आणि अतुल. पोहे, चिवडा, मिठाई. मंडळाच्या लोकांचं एवढं कौतुक कशाला, हे मला आवडलं नाही. भावना चहाचा ट्रे घेऊन आली, साडीत. माझ्या भाषणासाठीच साडी घातली असणार.
मी उभा राहिलो. म्हटलं, आमचं धान तुम्हाला चालत नाही, पण आमचा चहा चालतो! रिकाम्या हातानं याल आणि करडीचं सोनं फुकट न्याल, असं होणार नाही! आधी पोती उचला, मग बोलणी!
एका बाईच्या हातातला चिवडा तसाच राहिला. भावना लाल झाली. अभिमान. अतुल खाली पाहत होता, खांदे हलत होते, लाजेनं असेल. मामानं विचारलं, "हे पोरगं कोन हाय?" केशवकाका म्हणाले, "घरचंच आहे."
घरचंच! माझ्या कानानं ऐकलं. सगळ्यांसमोर म्हणाले.

१४ जानेवारी
भावना स्वतः आमच्या घरी आली. अंगणातच उभी राहिली. म्हणाली, अंकुश, ते मंडळाचे लोक नव्हते. अतुलचे आईबाबा होते, मामा होते. मले पाहाले आले होते.
मी म्हटलं, समजते मला. घरच्यांना चार ठिकाणं पाहावीच लागतात, फॉर्मॅलिटी असते.
ती म्हणाली, मुदत जवळ आली, धान विक आणि पैसे भर, बायका मले विचारून राहिल्या. मी म्हटलं, शपथ घेतली आहे. ती म्हणाली, कोणी सांगतली होती? मी म्हटलं, तुझ्यासाठीच, जसं वर्गातही तुझ्यासाठीच बोललो होतो.
तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "वर्गात सरले मी उत्तर देनार होती. तोंड उघडलं होतं माहं. तू मधात बोंबलला. मंग सगळा वर्ग तुह्याकडं पाहून राहिला आन माहं उत्तर तसंच राहिलं."
आणि गेली.
एवढ्या वर्षांनी तिला तो दिवस इतका बारीक आठवतो. याला काहीतरी अर्थ आहे.
खुशबूला विचारलं. तिनं न मागता मला चहा करून दिला. तिनं न मागता चहा देणं चांगलं नाही.

३ फेब्रुवारी
आज तिकडं भावनाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मला बोलावणं होतं. ताप आहे असं कळवलं. तसा थोडा होताच.
दिवसभर पडून होतो म्हणून कॉपी वाचली. पूर्ण. चिखल आहे, कंबर दुखणं आहे, पाटलाच्या जाड्या पायांवर हसणं आहे, माहेरचा रस्ता आहे. धुरपताबाईची अकरा गाणी आहेत. एका गाण्यात ती म्हणते, मी वाकली तर आभाळ माझ्या पाठीवर टेकते. असं ती म्हणू शकते हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या समोरच्या घरात वाढलो.
एकाही गाण्यात माझ्यासारखा कोणी नाही. बांधावर उभा राहून ओरडणारा एक गडी आहे, त्याला बायका हसतात.

२० फेब्रुवारी
ठरलं. महिना संपायच्या आत धान तुमसरला नेऊन विकणार. शपथ गेली खड्ड्यात. पैसे मंडळाच्या टेबलावर ठेवणार, पावती घेणार, भावनाच्या हातात देणार. लग्न अजून झालेलं नाही. साक्षगंध मोडल्याची उदाहरणं आहेत.

२४ फेब्रुवारी, रविवार
सकाळी गेलो. टेम्पोवाला सांगून ठेवला होता. केशवकाकांच्या त्या खोलीचं दार उघडंच होतं. आत वस्तीतल्या बायका गोल करून बसलेल्या, मधात तांदळाची रास, सुपं चालू. कोपऱ्यात माझी पोती. रिकामी. घडी घालून ठेवलेली.
"आला बाबू!" धुरपताबाई ओरडली. "म्या तं कवाच म्हनलं होतं, लगनाचंच धान हाय म्हून."
केशवकाकांनी बसवलं. सांगितलं. लग्नाला तांदूळ घ्यायचाच होता. मग हेच धान काट्यावर मोजलं, बाजारभावानं पैसे काढले, वस्तीच्या नावानं मंडळाला भरले. पावती आली. पुस्तक छापायचं पक्कं झालं. मग धान भरडून आणलं. "तुही शपथ बी राहिली बाबू, व्यापाऱ्याले नाही विकलं." ते थट्टा करत नव्हते. मी नीट पाहिलं त्यांच्याकडं.
लीलाकाकू म्हणाल्या, "दोन्ही कामं तुह्यानंच झाले. सख्खा भाऊ असता तरी एवढे पोते नसते वाहिले त्यानं."
भावना आतून आली. म्हणाली, अंकुश, तू घरोघरी गेला म्हणून झालं. खरं बोलत होती. मग धुरपताबाईजवळ बसली आणि ती शेवटची विसरलेली ओळ विचारायला लागली. म्हातारी आठवू लागली. सगळ्या बायका सुपं थांबवून तिच्याकडं पाहू लागल्या.
मी भाषण तयार करून गेलो होतो. रागही होता पुरेसा. पण तो कोणावर काढायचा तेच सापडेना. मंडळाला देणगी मिळाली, गावाचं नाव राहिलं, पुस्तक निघेल, भात शिजेल. मी जे जे म्हटलं होतं ते सगळं झालं होतं.
टेम्पो बाहेर हॉर्न वाजवत होता. काम आहे म्हटलं आणि उठलो. ठरवलं, निदान दार तरी असं आपटायचं की खोली हादरली पाहिजे. उंबरठ्याबाहेर पाय टाकला, दाराला हात घातला, तेवढ्यात आतून लीलाकाकू म्हणाल्या, "दार नीट लावजो बाबू, कोंबड्या शिरतात तांदळात."
बाहेर दोन कोंबड्या उभ्याच होत्या. त्यांना पायानं मागं सारलं. दार हळू ओढलं. खाली फट राहते का पाहिलं, थोडं उचलून पुन्हा ओढलं, आणि नीट लावलं.