पेटीतला केरू

३ फेब्रुवारी, सोमवार
टाकली एकदाची! विद्यापीठाच्या गेटवर कुलगुरू सरांनी पेटी लावलीय – अडचण असेल ती लिहा. किल्ली त्यांच्याकडेच. रोज सकाळी स्वतः उघडतात, प्रत्येक चिठ्ठीला हिरव्या शाईनं उत्तर लिहून बोर्डावर लावतात. मी लिवलं – "मी केरू, जयगडचा. बाबा बोटीवर गेले ते आलेच नाय. कॉलेज सोडतोय." असा कोण केरूच नाय! वर्गातली सानिका बोल्ली, "लाज वाटू दे रे जरा." मी खी खी हसलो.

४ फेब्रुवारी
बोर्डावर हिरवं उत्तर – "केरू, सोडू नकोस. येऊन भेट. रोज सहापर्यंत बसेन."

७ फेब्रुवारी
सर खरंच बसतायत! दार सताड उघडं. शिपाई दादू बोल्ला, "रोज दोन चाय सांगतात. एक तशीच निवते."
हसू येत नाय आता.

१० फेब्रुवारी
मेलो! सर काल जयगडला गेले. एस.टी.नं – रविवारी ड्रायव्हरला सुट्टी म्हणून सरकारी गाडी काढत नायत. घरोघर विचारलं, केरू कुठं राहतो? जांभ्याच्या पायरीवरून पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. एकसष्ट वय.
सानिका बोलत नाय. नुसती बघते. त्यापेक्षा शिव्या घाल गो!

११ फेब्रुवारी
जेवलो नाय.

१२ फेब्रुवारी
गेलो हॉस्पिटलात. पाय टांगलेला. दारातूनच बोल्लो, "सर, ती चिठ्ठी माझी. केरू नायच कोण." वाटलं, आता नाव काढतात कॉलेजातून.
सर बोल्ले – "म्हणजे बोटीवरून न आलेला बापही नाही?"
"नाय सर."
"बरं झालं रे," बोल्ले. हुश्श करून डोळे मिटले.
मला रडूच आलं. ते शिव्या देणार म्हणून तयारी करून गेलेलो!
उशीखालून किल्ली काढली. "दीड महिना मी इथंच. पेटी तू उघड. उत्तरंही तूच लिही."
"सर, माझं अक्षर घाण आहे."
"वाचलंय मी. लागतं वाचायला."

१५ फेब्रुवारी
चिठ्ठी – "मी मृणाली, संगमेश्वरची. घरचे शिकू देत नाहीत. सोमवारपासून येणार नाही." आडनाव नाय, वर्ग नाय. माझीच फिरकी घेतंय कोणतरी? सानिकाला दाखवली. बोल्ली, "मला काय विचारतोस? त्यातला मास्तर तू!"

१६ फेब्रुवारी, रविवार
सव्वासातच्या संगमेश्वर गाडीत बसलोय. देवा, चिठ्ठी खोटी निघू दे.