सुरणाच्या बेण्याची रोजची तपासणी

११ मार्च २०१३, सोमवार
सुरणाचं बेणं आलं. दोनशे चाळीस गड्डे, बचत गटातल्या बारा बायकांचे वीस-वीस. संस्थेच्या टेम्पोतून उतरवून आमच्या मागच्या खोलीत ठेवले. खोली मातीच्या माळवदाची, थंड. शिवाय गटाची चिटणीस मी. लागवड अक्षय तृतीयेला, अध्यक्ष केशरबाईंच्या रानात. एवढ्या दुष्काळातही त्यांच्या बोअरला तासभर पाणी आहे. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की सुरण पिकला तर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायला नको, आणि तोवर बेणं माझ्या हवाली.
एकही गड्डा वाया जाणार नाही. लिहूनच ठेवते. एकही नाही.

१२ मार्च
संस्थेच्या रामहरी साहेबांनी दिलेला कागद चारदा वाचला. गड्डे सावलीत, कोरडे ठेवावेत. कुजका गड्डा ताबडतोब वेगळा काढावा. पण आतून कुजलेला बाहेरून कसा ओळखायचा, ते नाही लिहिलं. साहेबांना फोन केला. म्हणाले, दाबून बघा, वास घ्या. हे काही शास्त्रीय वाटलं नाही.
मला वडिलांनी, अण्णांनी, घरीच शिकवलं, चौथीपर्यंत शाळा बघितली नाही. एक अक्षर वाकडं आलं तरी सगळी पाटी पुसायला लावायचे. अर्धवट काम मला जमतच नाही.
निर्णय: रोज वीस गड्ड्यांचा टवका काढून आत बघायचं. बारा दिवसांत एक फेरी.

१३ मार्च, दुपार
वीस झाले. सगळे आतून स्वच्छ, गुलाबीसर. हात कोपरापर्यंत खाजतायत. चिंच चोळली.
प्रशिक्षणात साहेब म्हणाले होते, प्रत्येक गड्ड्यानंतर सुरी औषधाच्या पाण्यात बुडवा. ती नळाच्या गावची गोष्ट. आमच्याकडं टँकर आठव्या दिवशी येतो. मी सुरी कोरड्या फडक्याला पुसते. फडकं स्वच्छ आहे.

२० मार्च
आजचा सातवा गड्डा आतून तपकिरी निघाला. म्हणजे पद्धत बरोबर आहे. कापला नसता तर कळलंच नसतं. तो वेगळा काढला, सुरी पुसली, पुढचे तेरा तपासले.
बरं वाटलं.

२ एप्रिल
दुसरी फेरी चालू. एकोणीस तपकिरी. रोग संस्थेकडूनच आला असणार. उद्यापासून रोज चाळीस.
सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, बाळंतिणीचं पांघरूण कुणी तासाला उचलून बघतं का. त्यांना या विषयातलं कळत नाही. मोठ्या आहेत म्हणून उलट बोलले नाही.

११ एप्रिल, पाडवा
खोलीत वास येतो. उंदीर मेला असावा. सगळे कोपरे बघितले, सापडला नाही.
तपकिरी गड्ड्यांना कुजलेले म्हणणं घाईचं होईल. 'निरीक्षणाखाली' म्हणते. निरीक्षणाखाली: एकाहत्तर.
चंद्रभागाबाई गाठी घेऊन आल्या. त्यांची लेक दहावीत जाणार. दरवर्षी आईबाप कोयत्यावर गेले की पोरगी त्यांच्या मागं, शाळा बुडते. औंदा तसं होणार नाही म्हणत होत्या. बेणं कसं हाय विचारलं. मी सांगितलं, रोज तपासते.
यात खोटं काही नाही. त्या दारातूनच खोलीकडं हात जोडून गेल्या.

२५ एप्रिल
निरीक्षणाखाली: एकशे अठरा. बरे: एकशे बावीस. अजून बहुमत बऱ्यांचं आहे.
बायका रानात खड्डे घेतायत. चारा छावणीतल्या जनावरांचं शेणखत डोक्यावरून आणतात. दोनशे चाळीस खड्डे, जमीन दगडासारखी. मी निघाले तर केशरबाईंनी परत पाठवलं, तू बेण्यापाशीच बस म्हणाल्या. बसले. बसल्या बसल्या एक फेरी जास्तीची केली.
दोन दिवसांपासून मागच्या भिंतीशी कुत्री येऊन उभी राहतात. भुंकत नाहीत. नुसती उभी.

५ मे
आता सुरी दाबावी लागत नाही. टेकवली की आत जाते.
सासरे आठवडाभर अंगणातच जेवतायत. उन्हाळा आहे, अंगणात बरं वाटत असेल.
सांगावं का? पण आज सांगितलं तर बायका खड्डे अर्धे सोडतील, आणि ते नुकसान माझ्या नावावर. आठ दिवसच राहिलेत. उरलेल्यांकडे नीट लक्ष दिलं पाहिजे. आजपासून सकाळ-संध्याकाळ तपासणी.

१३ मे, अक्षय तृतीया
सकाळी सगळ्या टोपल्या घेऊन आल्या. टोपल्यांना हळदकुंकू लावलेलं. मी दार उघडलं.
चंद्रभागाबाईंनी पदर नाकाला लावला. केशरबाई आत गेल्या आणि एकेक गड्डा उचलून बघू लागल्या. काही हातातच फुटले. प्रत्येकावर माझ्या सुरीच्या पाच-सहा खुणा, आणि काळं पडलेलं ते खुणेपासूनच आत गेलेलं. मी समजावून सांगत होते की तपासणी झाली नसती तर कुठला किती गेला हेसुद्धा समजलं नसतं. सगळ्या तारखा आहेत माझ्याकडं.
धड निघाले नऊ.
चंद्रभागाबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मग औंदाबी कोयताच."
रिकाम्या टोपल्या एकीत एक घालून बायका निघाल्या.
नऊ गड्डे केशरबाईंनी स्वतःच्या ओच्यात घेतले. मी म्हटलं, रोज तपासायला येत जाईन तुमच्याकडं. त्यांनी ओचा जवळ ओढून धरला. रागावल्या नाहीत. "तू येऊ नको माय," एवढंच बोलल्या.
उन्हात आल्या होत्या, थकल्या असतील. उद्या सकाळी जाऊन येते. नऊच तर आहेत. नवांना कितीसा वेळ लागतो.