गाव बांधून ठेवलं, वारा आलाच नाही

स्कार्व्हाविक,
नोव्हेंबरातला एक रविवार

आदरणीय हेइनी दाजी यांना धाकट्या मेहुणीचा, म्हणजे मारीनचा, वाकून नमस्कार. (वाकायला कमरेला जमत नाही, पण कागदावर वाकायला काय जातं.) तुमचा गुडघा कसा आहे? पाऊस यायचा असला की तो आधी दुखतो असं ताई म्हणते, म्हणून विचारते. तुमच्या हवामान कचेरीतल्या यंत्रांपेक्षा तो बरा असेल, तर पुढच्या वेळी रेडिओवर बोलायला त्यालाच बसवा. ताईचा खोकला गेला का? मुलं सुखरूप? छान. इकडचं कुशल विचारू नका, मीच सांगते.

गेल्या रविवारी संध्याकाळी तुम्ही त्या लोण्यासारख्या आवाजात आठवड्याचा अंदाज वाचलात. सगळ्या बेटांवर थंडी, उत्तरेचा सोसाट्याचा कोरडा वारा, मोकळ्या वस्तू बांधून ठेवाव्यात. अंदाज चालू असताना इथल्या कुठल्याही घरात माणूस शिंकतसुद्धा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चर्चमध्ये लोक कुजबुजतात, हवामानाला नाही. तर साऱ्या गावाने श्वास रोखून तुमचं ऐकलं आणि सोमवारी उजाडताच गाव दोरीला लागलं. शेजारच्या तुम्मासने होडी ओढून वर घेतली आणि शेडच्या छपरावर जुनी जाळी टाकून वर धोंडे ठेवले. आर्मगार्द मावशीने कोंबड्या न्हाणीघरात घेतल्या. कचऱ्याचे डबे एकमेकांना बांधले गेले, बाकं बांधली गेली. मावशीने दारातला तो दगडी समुद्रपक्षीदेखील बांधला. (तो मला उचलवत नाही. पण तुमच्या शब्दाला मान.)

आणि मी काय केलं? मी आपल्या सुकवणीच्या खोपटाच्या फटी बुजवल्या. शहरात राहून विसरला असाल म्हणून आठवण करते. फटीफटींच्या फळ्यांचं ते खोपट, वारा आरपार जावा म्हणून बांधलेलं. ऑक्टोबरात मेंढ्या कापल्या, मांस टांगलं, आणि यंदा ते दृष्ट लागण्यासारखं मुरत आलं होतं. वास असा, की टपालवाला मुद्दाम मागच्या वाटेने यायचा. अशा अर्ध्या मुरलेल्या मांसाला सोसाट्याचा कोरडा वारा लागला तर त्याचं लाकूड होतं, नुसतं चावत बसायचं. म्हणून तुमचं ऐकून मी चारी बाजूंनी पोती ठोकली. कुणासाठी, तेही तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशन होऊन बाबा घरी आले त्याला महिना होत आला. पेज नको, मासा नको, डबा उघडून दिलेलं काही नको. दिवसभर भिंतीकडे तोंड. एकदाच बोलले होते, की यंदाचं मांस मुरलं की बघू. वजन असंच उतरत राहिलं तर परत दवाखान्यात न्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, आणि मला परत नेलंत तर माझी होडी आधी विका, असं बाबांनी. म्हणजे दाजी, त्या खोपटात मी मांस टांगलं नव्हतं, बाबांचा हिवाळा टांगला होता.

मग तुमचा वारा आला का? सोमवारी नाही. मंगळवारी धुकं आलं, कोमट, ओलं, म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडाच्या वाफेसारखं. बुधवारी तर पान हललं नाही म्हणावं, तर या बेटांवर झाडच नाही, तीही सोय नाही. अख्खं गाव दोरखंडांनी करकचून बांधलेलं आणि मधे आम्ही बाह्या वर सारून घाम पुसतोय. मावशीला आठवडाभर आंघोळ नाही, कारण कोंबड्या. आणि माश्या, दाजी! नोव्हेंबरात माश्या, निळ्या, गुबगुबीत, जणू सुट्टीवर आलेल्या. बाकीच्यांनी आपापल्या खोपटांच्या फटी उघड्या ठेवल्या होत्या. (त्यांचे मेहुणे-दाजी रेडिओवर नाहीत, त्यामुळे त्यांचा तेवढा विश्वास नाही.) माझ्या खोपटात पोत्यांआड कोंडलेलं मांस असं नासलं, की मावशीनेही नाकाला रुमाल लावला, आणि ती तर वासाची दर्दी.

तुम्हाला फोन केला तर म्हणालात, वाऱ्याचा पट्टा जरा वर सरकला, आणि अंदाज प्रदेशाचा असतो, गावाचा नसतो. असं का? मग हा प्रदेश राहतो कुठे? मला एकदा त्याच्याकडे चहाला जायचंय. आम्ही सगळे गावांत राहतो हो! दुकानात रांगेत उभी राहिले तर तुम्मास मला मोठ्याने विचारतो, "काय मारीनबाई, घरातून काही निरोप? होडी अजून किती दिवस वर ठेवू?" जणू वारा आमच्या घरून सुटतो. तुम्ही चुकता आणि पाव घेताना मान मी खाली घालते. तुमच्याशी लग्न ताईने केलंय, मी नाही.

बरं, शुक्रवारी तरी गप्प बसायचं. पण नाही. तुम्ही जाहीर केलंत की वाऱ्याचा धोका टळला. गावाने सुस्कारा सोडून दोऱ्या सोडल्या, कोंबड्या बाहेर, होडी पाण्यात. आणि काल पहाटे तो आला. उत्तरेचाच, थंड, सोसाट्याचा, तुम्ही सांगितला होता अगदी तस्सा, फक्त सगळं सोडवून झाल्यावर. तुम्मासच्या शेडचं छप्पर आमच्या परड्यात उताणं पडलंय. तो न्यायला येत नाही. म्हणतो, हवामानखात्याच्या माणसांनी पोचतं करावं.

माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही, आणि तो प्रदेशाचा नसून नेमका एका माणसाचा आहे. मोठ्यांना नमस्कार, मुलांना पापे, तुम्हाला काही नाही.

तुमची मेहुणी,
मारीन

ता. क. खोपटात तुमच्याही वाट्याची मेंढरं टांगलेली होती. तीच आधी नासली. हा न्याय मी केलेला नाही, पण मोडणारही नाही.

ता. क. २. बाबांना बघायला ताईला एकटीला पाठवू नका. तिच्याने काम होणार नाही. त्याचं असं, की बुधवारी बाहेर धुकं आणि रेडिओवर तुम्ही पुन्हा तोच सोसाट्याचा वारा वाचत होता, तेव्हा बाबा भिंतीकडून वळले. हवामान चालू असताना आमच्या घरात पहिल्यांदा कुणी बोललं. म्हणाले, "विचार त्या हेइनीला, वारा ठेवलाय कुठे? खिशात असेल." मग उठून बसले, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करता करता समोरचा बटाटा खाल्ला, माझ्या ताटातला खाल्ला, आणि तुमच्या वडिलांवर आले तेव्हा मासा मागितला. गुरुवारी अंदाजाच्या वेळेआधीच खुर्ची रेडिओजवळ ओढून, जेवणाचा काटा हातात घेऊन बसले. मांसाची आठवणही काढली नाही.

पण काल तुमचा वारा आला. बाबांनी खिडकीतून पाहिलं, "आला म्हणायचा," एवढंच म्हणाले आणि ताट सरकवलं. आजही तोंड भिंतीकडे आहे.

तेव्हा दाजी, पहिल्या बोटीने या. जेवायला त्यांच्यासमोर बसा आणि उद्याचं हवामान छातीठोकपणे सांगा. बरोबर सांगायचा मोह तेवढा आवरा.