देवापुढे अर्जदार पुंजाराम

मुक्काम अकोला, ता. ३० नोव्हेंबर १९२६

तीर्थस्वरूप मनकर्णाबाईस, धाकटा भाऊ पुंजाराम याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. बाई, तुझे गुडघे कसे आहेत? नत्थुजी भाऊजींचा खोकला थांबला का? (पत्र तेच वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनी निदान इथे खोकू नये.) आमच्याकडे सगळे ठीक. मळ्यात वांगी लागली आहेत.

ख्रिस्ती होण्यासाठी मी उन्हाळ्यापासून मिशनात शिकतो, हे तुला ठाऊक आहेच. बाकी सारं जमलं, प्रार्थना तेवढी जमेना. आमचे केशवराव मास्तर म्हणाले, रोज सकाळी डोळे मिटून देवाशी बोलत जा. मी मळ्यात गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि काय बोलावं याचा विचार करता करता डुलकी लागली. तेवढ्यात बैलाने मेथीचा अख्खा वाफा फस्त केला. सुभद्रा ओरडतच आली, "डोये मिटल्याबिगर तुमच्या देवाले आयकू येत नाही काय?" (तुझी भावजय अजून तशीच आहे.)

मग मी मास्तरांसारखी एक भारदस्त प्रार्थना पाठ केली. परवा रविवारी त्यांनी नेमकं मलाच उभं केलं. शंभर माणसं माना खाली घालून बसलेली. "हे परमकृपाळू" एवढं म्हटलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. पुन्हा "हे परमकृपाळू" म्हटलं. तिसऱ्यांदा तोंडातून निघालं, "मेहेरबान हुजुरांचे सेवेशी, अर्जदार पुंजाराम, राहणार अकोला..." थोरामोठ्यांशी बोलायची मला तेवढीच एक रीत ठाऊक, कचेरीतली! बायका पदराआड हसू लागल्या. पुढे बसलेली म्हातारी मैनाबाई मात्र मागे वळून म्हणाली, "अरे बाप्पा, हुजूर आयकून राहिले. तुले काय पायजे ते सांग नं!"

तेव्हा मनात होतं तेच बाहेर पडलं. "देवा, भाऊबीजेले माही बाई दर्यापूरहून ओवाळाले आली होती. म्या नव्या धर्माच्या तोऱ्यात तिले दारातूनच वापस धाडलं. ताट तसंच घेऊन गेली बिचारी. माहं चुकलं." एवढं बोलून मी तसाच खाली बसलो. आमेनसुद्धा म्हणता आलं नाही. ते लोकांनीच म्हटलं. बाहेर पडताना मास्तर म्हणाले, "सुरुवात जरा लांबली. बाकी प्रार्थना पक्की." तेव्हापासून वाफ्यांना पाणी देता देता मी देवाशी बोलतो, डोळे उघडे ठेवून. बरं वाटतं.

तुझा
पुंजाराम

ता. क. नाताळच्या आधीच्या रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. बाई, तू ये. तुला काही म्हणावं लागणार नाही, नुसतं बसायचं. तुझा देव सोड असं कोणी म्हणणार नाही; म्हटलंच तर मी आहे.

आणखी ता. क. पत्र टपालात टाकलं नाही. ही ओळ दर्यापुरात तुझ्या फाटकाशी उभा राहून लिहितो आहे. पत्र घेऊन सुभद्रा आत येते आहे. तोंडाने सांगायची हिंमत होईना. राग गेला नसेल तर भाऊजींकडून निरोप धाड, मी मुकाट्याने परत जाईन. गेला असेल तर लवकर हाक मार. तुमचा नवा कुत्रा मला ओळखत नाही.